कानस

पेसमेकर? नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप? नाही. कानात कॉक्लियर इम्प्लांट, इन्सुलिनचा पंप, शरीरात राहिलेला छर्रा, दातांना तारा, अंगावर टॅटू? नाही, नाही, नाही. एमआरआयच्या आधी भरायचा फॉर्म मी सरसर भरत खाली आले आणि एका प्रश्नाशी पेन अडलं. 'धातू घासण्याचं, कापण्याचं किंवा वेल्डिंगचं काम तुम्ही कधी केलं आहे का? तेव्हा डोळ्यात कण गेला होता का?'

गेला होता. मी चौदा वर्षांची होते. मामाचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल, दोन ग्राइंडर आणि भिंतीला लागून लांबलचक लाकडी बाक. सुट्टीभर मी तिथेच पडीक असायचे. मशिनला हात लावायची बंदी होती. कापून आलेल्या पट्ट्या शिकंजात धरायच्या आणि त्यांच्या धारदार कडा हाताने घासून मोडायच्या, एवढंच माझं काम. एकदा शेजारच्या ग्राइंडरवरून काहीतरी उडालं आणि डावा डोळा मिटला तो उघडेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुईच्या टोकाने तो कण काढला, दोन दिवस पट्टी बांधली. या गोष्टीला आता अडतीस वर्षं झाली. मी स्वतःसुद्धा विसरले होते, पण फॉर्म तयार करणारा विसरला नव्हता.

क्षणभर वाटलं, 'नाही'वर खूण करावी आणि पुढे जावं. पण सत्तावीस वर्षं मुद्रितशोधन करतेय. चूक दिसत असताना पान पुढे सोडायचं नाही, हे हाडीमाशी खिळलंय. 'होय' केलं.

समोर बसलेली संशोधक मुलगी पंचविशीची असेल. तिने फॉर्म वाचला, वर पाहिलं आणि म्हणाली, "ताई, आज तुम्हाला आत घेता येणार नाही."

कारण ऐकल्यावर माझी तक्रार विरघळली. डोळ्यात पोलादाचा बारीकसा कण राहिला असेल आणि माणूस त्या चुंबकात गेला, तर कण जागचा हलू शकतो. १९८६ साली असा एक प्रकार नोंदवला गेला आहे. रुग्णाच्या डोळ्यात जुना कण होता, कुणालाच त्याची कल्पना नव्हती, एमआरआय झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. प्रत्येक फॉर्मवर हा प्रश्न असतो तो त्यामुळे. मी म्हटलं, मग एक्स-रे काढून बघा की. त्यावर ती म्हणाली, उपचारासाठी असतं तर काढला असता. पण केवळ आमच्या अभ्यासापायी निरोगी माणसाला किरण द्यायचे, हे आमच्या परवानगीत बसत नाही. आधीचा एखादा सीटी स्कॅन आहे का?

होता. दोन वर्षांपूर्वी सायनससाठी काढलेला. त्याची सीडी घरात कुठे आहे हे शोधण्यात माझे चार दिवस गेले. ती एका जुन्या शब्दकोशात, खूण म्हणून ठेवलेली सापडली. त्यांच्या रेडिओलॉजिस्टने ती पाहिली, डोळ्यांच्या खोबणीत काही नाही असं लिहून दिलं आणि पंधरा दिवसांनी मला पुन्हा बोलावलं.

मुळात मी तिथे कशाला गेले होते, तर स्वार्थासाठी. त्यांना वाचनावरच्या अभ्यासासाठी माणसं हवी होती. रोजच्या कामातच बारकाईने वाचणारे काही आणि तसं काम नसणारे काही. ती सूचना वाचताना मला वाटलं ते असं: सत्तावीस वर्षं प्रुफं तपासल्यावर मला साधं वाचता येत नाही. कादंबरी उघडली की पात्रं मरतात, मी त्यांच्या ऱ्हस्वदीर्घात अडकते. रस्त्यावरच्या फलकावरची चुकलेली वेलांटी दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही. डोक्यात नेमकं काय झालंय हे कुणी आतून बघून सांगितलं, तर मला हवंच होतं.

ही अपेक्षा त्यांनी पहिल्याच बैठकीत मोडून काढली. "तुमच्या एकटीच्या मेंदूबद्दल आम्ही काहीच सांगू शकणार नाही," मुलगी म्हणाली. "ही तपासणी नाही, मोजणी आहे. तुम्ही आणि तुमच्यासारखे वीस-पंचवीस जण मिळून जे निघेल ते आमचं." मी जरा खट्टू झाले. एवढा अर्धा दिवस मोडून यायचं आणि सरासरीतला एक ठिपका व्हायचं!

संमतीपत्र नऊ पानांचं होतं. ते मी पेन्सिल घेऊन वाचलं आणि तीन चुका काढल्या, त्यातली एक 'संमती' या शब्दातच. पण मजकूर पक्का होता. कारण न देता कुठल्याही क्षणी बाहेर पडता येईल. नावाऐवजी क्रमांक राहील. एक कलम वाचून मी थबकले: प्रतिमा इतर संशोधकांना देण्याआधी त्यातून चेहरा पुसून टाकू. म्हणजे काय, तर डोक्याचा स्कॅन इतका तपशीलवार असतो की त्यातून नाक-डोळे-जिवणीसकट माणूस पुन्हा घडवता येतो. मेंदू ठेवायचा आणि तोंड खोडायचं.

दुसरं कलम जास्त जड होतं. 'आपल्या मेंदूच्या प्रतिमेत अनपेक्षित काही आढळल्यास ते आपल्याला कळवावे काय?' मी विचारलं, असं किती वेळा होतं? तिने प्रामाणिकपणे सांगितलं. २००९ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला होता. एकोणीस हजारांहून जास्त माणसं, कुठलीही तक्रार नसलेली. त्यातल्या २.७ टक्के लोकांच्या मेंदूत काही ना काही दिसलं होतं. सदतीस जणांमागे एक. त्यातलं पुष्कळसं निरुपद्रवी असतं. पण एकदा कळलं की कळलं, ते परत न-कळलेलं होत नाही. मी 'कळवावे' केलं. त्या रात्री मात्र सदतीस हा आकडा उशाशी होता. मला ओळखणारी छत्तीस माणसं मोजून पाहिली, सगळी ठणठणीत वाटली, मग उरले कोण ते मीच.

अभ्यास कसला, हे समजावून घेताना मला खरी मौज आली. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. तेवढ्या काळात उत्क्रांती मेंदूत वाचनाचं वेगळं दालन बांधून देत नाही. तरीही वाचायला शिकलेल्या माणसाच्या मेंदूत, डाव्या अंगाला मागे खालच्या बाजूला, एक ठरावीक जागा लिखित शब्द दिसला की कामाला लागते, मग लिपी कुठलीही असो. लोरां कोएन, स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तिचं वर्णन केलं. दुसऱ्याच कामासाठी असलेली जागा आपण शाळेत पाटी गिरवताना अक्षरांसाठी बळकावतो, असा दहेन यांचा सिद्धान्त. त्याच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये, देजरिन या फ्रेंच वैद्याने एका माणसाची हकिगत लिहून ठेवली होती. त्याला एके दिवशी अचानक वाचता येईनासं झालं. बोलणं शाबूत, नजर शाबूत, आणि लिहिता येत होतं! फक्त स्वतः लिहिलेलं दोन मिनिटांनी त्यालाच वाचता येत नसे. आमच्या धंद्यातल्या माणसाला भुताच्या गोष्टीची गरज नाही, ही पुरे.

स्कॅनच्या दिवशी आधी कपडे. अंगावरचं सगळं उतरवून त्यांनी दिलेला सुती पोशाख घातला. अंतर्वस्त्रातली तार, केसांतल्या पिना, अंगठी, डोळ्यांचा मेकअप, काहीही चालत नाही. काही व्यायामाच्या कपड्यांत म्हणे चांदीचे धागे विणलेले असतात. ते आत तापतात आणि चटका बसतो. केसांतल्या पिना मी पाच काढल्या आणि दारातल्या तपासणीत सहावी निघाली. तंत्रज्ञ काहीच बोलला नाही, हात पुढे केला. त्याच्या टेबलावर अशा पिनांची एक वाटी भरलेली होती.

दारावर ठळक पाटी होती: चुंबक कायम चालू असतो. आपल्याला वाटतं, यंत्र सुरू केलं की चुंबक सुरू होतो. तसं नाही. आतलं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडवलेलं असतं आणि त्यातून वीज विरोधाशिवाय फिरत राहते, रात्री-बेरात्री, कुणी नसतानाही. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा ऐकू येते ती त्या थंडाव्याच्या पंपाची चुक-चुक, चुक-चुक. हा चुंबक ३ टेस्लाचा होता, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण साठ हजार पट. मला काहीही जाणवलं नाही. हीच त्याची गंमत आणि हीच भीती.

आडवं झाल्यावर पंधरा मिनिटं नुसती बांधाबांध. कानांत फोमचे बोळे, त्यावर हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशांचे तुकडे, गुडघ्यांखाली लोड. मग तोंडावर पिंजऱ्यासारखी एक चौकट आली. हे हेड-कॉइल, खरं ऐकणारं यंत्र हेच, बाकीचा अवाढव्य डोलारा त्याच्यासाठी. चष्म्याची दांडी धातूची, म्हणून तो बाहेर राहिला आणि त्यांनी प्लास्टिकच्या चौकटीत भिंगं बदलून बदलून माझा नंबर जुळवला. उजव्या हाताखाली दोन बटणांचा डबा, डाव्या हातात रबरी फुगा. "घाबरलात, दुखलं, काहीही झालं तर दाबा, आम्ही लगेच बाहेर काढू." मी तो लगेच दाबून पाहिला. पलीकडे घंटा वाजली. आता बरं वाटलं.

शेवटी त्या मुलीने एक कागदी चिकटपट्टी घेतली आणि चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, माझ्या कपाळावरून आडवी लावली. मला वाटलं, डोकं हलू नये म्हणून बांधताहेत. पण एवढ्याशा पट्टीने डोकं कसलं बांधलं जाणार? ती म्हणाली, "बांधायला नाही. तुम्ही हललात तर कातडी ओढली जाईल, तुम्हाला तुमचंच कळेल." एक-दोन मिलिमीटर हलल्याने त्यांचा सगळा हिशेब बिघडतो. या संशोधनात माझ्याकडून हवं असलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे काहीही न करणं, हे मला तेव्हा उमजलं. ते सगळ्यात अवघडही होतं.

आत सरकवल्यावर छत नाकापासून वीतभर. डोळ्यांवर तिरका आरसा असतो, त्यातून बोगद्याच्या मागच्या तोंडाशी लावलेला पडदा दिसतो, त्यामुळे कोंडल्यासारखं कमी वाटतं. पडदा उजळला. अक्षरं होती, पण उलटी! आरशामुळे उलटतात म्हणून ती आधीच उलटी करून दाखवायची असतात, ते कुणीतरी करायचं विसरलं होतं. मी लगेच काही बोलले नाही, कारण मला ती वाचता येत होती. मी उमेदवारी केली तेव्हा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे होते, ते जुळवणारे जुळारी उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचे आणि बघून बघून मलाही जमलं होतं. 'हालचाल करू नये' हे वाक्य उलट्या बाजूने वाचून झाल्यावर मी इंटरकॉमवर म्हटलं, "पडदा उलटा आहे, बाकी शुद्धलेखन ठीक आहे." हेडफोनमध्ये दोन-तीन माणसं हसली.

मग आवाज. सगळे सांगतात आवाज मोठा असतो. तो शंभर डेसिबलच्या वरही जातो, बोळे त्यासाठीच. पण आवाज एक नसतो हे कुणी सांगत नाही. मोठ्या चुंबकाच्या आत आणखी वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह सेकंदात शेकडो वेळा फिरवतात; चुंबकात असल्यामुळे प्रत्येक वेळी ती वेटोळी हिसका खातात आणि सगळं धूड ठोकल्यासारखं वाजतं. आधी नुसती खटखट, जशी कुणीतरी दारात उभं राहून चाचपणी करतंय. मग मेंदूच्या रचनेचं चित्र काढताना पाच-सहा मिनिटं एकसुरी गुणगुण. पुढे कामाची चित्रं घेताना टिप-टिप-टिप-टिप, दर दोन सेकंदांनी एक छोटा श्वास. आणि अगदी शेवटी एक असला प्रकार की पाठीखालचा पलंगच थरथरत होता. त्या टिप-टिपमध्ये मी शब्द ऐकायला लागले. 'वेलांटी-वेलांटी-वेलांटी' असं यंत्र दहा मिनिटं म्हणत होतं, हे मी शपथेवर सांगते.

काम साधं होतं. पडद्यावर मधोमध फुली. मग अर्धा सेकंद अक्षरं. खरा शब्द असेल तर तर्जनीचं बटण, निरर्थक असेल तर मधल्या बोटाचं. 'पाऊस', तर्जनी. 'टमोप', मधलं. 'साबण', तर्जनी. दोन शब्दांमध्ये कधी दोन सेकंद, कधी आठ. ही विषम वाट बघणं मला आधी त्यांचा गचाळपणा वाटला, पण त्यामागे कारण आहे. यंत्र विचार बघत नाही, रक्त बघतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, गरजेपेक्षा जास्तच. प्राणवायू घेऊन आलेलं रक्त आणि तो देऊन बसलेलं रक्त यांचं चुंबकाशी वागणं वेगळं असतं, हे पॉलिंग आणि कोरियल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्या फरकावरून चित्र काढता येईल हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये. पण रक्त सावकाश. शब्द दिसल्यावर त्याची लाट टोकाला जायला पाच-सहा सेकंद लागतात. शब्द ठरावीक अंतराने टाकले तर लाटा एकमेकींत मिसळून जातील, म्हणून अंतर मुद्दाम वेडंवाकडं. आणि ही लाट तरी केवढी, एकूण संदेशाच्या टक्काभर. म्हणून तोच प्रकार पुन्हा पुन्हा आणि म्हणून माणसंही वीस-पंचवीस. मी ठिपका का, याचं उत्तर इथे मिळालं आणि रुसवा निम्मा गेला.

याच बाबतीत एक जुना गृहस्थ मला फार आवडला. आंजेलो मोस्सो, इटलीचा. १८८०च्या दशकात त्याने माणसाला तराजूसारख्या फळीवर आडवं झोपवलं, फळी समतोल केली आणि त्याला डोकं चालवायला लावलं. रक्त मेंदूकडे गेलं की डोक्याची बाजू खाली जाईल, असा हिशेब! आज त्याच कल्पनेसाठी एवढा हेलियम लागतो.

तिसऱ्या फेरीत तो शब्द आला. फुली, टिप-टिप, आणि अर्धा सेकंद:

कानस

माझं तर्जनीचं बटण दाबून झालं आणि मग मला कळलं की मी काय वाचलं. मामाच्या बाकावर कानशी असायच्या. चपटी, गोल, त्रिकोणी, अर्धगोल. लाकडी मुठी काळ्या पडलेल्या. पट्टी शिकंजात धरायची, कानस पुढे जाताना दाबायची आणि मागे येताना उचलायची, नाहीतर दाते बोथट होतात. दातांत अडकलेला कीस तारेच्या ब्रशने झाडायचा. तळहाताला येणारा लोखंडाचा वास मला त्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यात आला. याच बाकाशी उभी असताना डोळ्यात कण गेला होता. पुढचे दोन-तीन शब्द कुठले होते हे मी सांगू शकत नाही. बटणं दाबली असावीत. आणि कपाळावरची पट्टी ओढली गेली. मी हलले होते.

फेरी संपल्यावर आवाज आला, "ताई, थोडी हालचाल झाली. ठीक आहात ना?" मी म्हटलं, ठीक आहे, बाहेर आल्यावर सांगते.

शेवटची फेरी काहीही न करण्याची. फुलीकडे बघत पडा, झोपू नका, विशेष काही विचार करू नका. हे सांगणारे लोक कधी स्वतः पडलेत का? नाकाच्या उजव्या पाळीला खाज सुटली. आधी टिंबाएवढी. मग स्वल्पविराम. मग ती सबंध चेहऱ्यावर परिच्छेद लिहायला लागली. मी फुलीकडे बघत राहिले, खाजेला नाव दिलं, तिची मात्रा-वेलांटी लावली आणि साधारण दोन मिनिटांनी ती आपोआप मिटली. खाज न खाजवता जाते हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. या रिकाम्या फेरीला पुष्कळ महत्त्व आहे म्हणे. माणूस काही करत नसतो तेव्हा मेंदूतले काही भाग उलट जास्त कामात असतात. मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यावर लिहिलं आणि मग रिकामं बसणं हाच अभ्यासाचा विषय झाला. मी सात मिनिटं मामाच्या बाकाशी होते. तेही त्या रक्तात कुठेतरी नोंदलं गेलं असणार.

आतला एकूण वेळ पंचावन्न मिनिटं. बाहेर आल्यावर उठताना जरा भिरभिरलं आणि नाकाच्या उजव्या पाळीला हात लागला, उगीचच.

संगणकावर मुलीने मला माझा मेंदू दाखवला. करडा, घड्यांघड्यांचा, मला अजिबात ओळखीचा नाही. मी विचारलं, यात उजळलेला भाग कुठे? ती हसली. मासिकात छापतात तसे लाल-पिवळे डाग यंत्रातून येत नाहीत. ते नंतर आकडेमोड करून, वरून रंगवलेले असतात, आणि बाकीचा करडा मेंदू काही झोपलेला नसतो. आकडेमोड ढिली ठेवली तर काय होतं, याचा दाखला म्हणून तिने २००९ मधली एक गोष्ट सांगितली. काही संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि हजारो ठिकाणच्या तुलना एकदम करताना घ्यायची खबरदारी मुद्दाम घेतली नाही. माशाच्या मेंदूत 'काम' चाललेलं सापडलं! या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. माझ्या मते ते खरं नोबेल मिळण्याच्या लायकीचं होतं. प्रुफं तपासणाऱ्याला पुरस्कार देण्याची पद्धत कुठेच नाही.

मग मी म्हटलं, "तिसऱ्या फेरीत 'कानस' होता. तो तुम्ही कुठल्या यादीत धरलाय?"

"निरर्थक. 'मानस'मधलं एक अक्षर बदलून केलाय."

"कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार. अगदी रोजच्या वापरातलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने संगणकाकडे, मग तंत्रज्ञाकडे पाहिलं. तंत्रज्ञ पिनांची वाटी सरळ करत म्हणाला, "हो की. माझ्याकडे घरी आहे."

यादी चौघांनी तपासली होती. चौघेही पंचविशीच्या आतले, चौघेही संगणकावर काम करणारे. मला हसू येत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी चाललं होतं. ती हळूच म्हणाली, "तुमच्या गटात, म्हणजे वाचनाचं काम करणाऱ्यांच्या, निरर्थक शब्दांवर चुका जरा जास्त पडतायत. आम्ही समजत होतो, सवयीमुळे ते घाई करतात."

घाई नव्हती. त्या लोकांना शब्द माहीत होते. ज्यांना जास्त येत होतं त्यांच्या नावावर जास्त चुका पडत होत्या. मी विचारलं, आता माझं उत्तर बरोबर धरणार ना? नाही. तो शब्द सगळ्यांच्याच मोजणीतून काढून टाकावा लागेल. म्हणजे एवढ्या सगळ्यात मी छातीठोकपणे दिलेलं एकमेव उत्तर ना बरोबर ना चूक. बरं, असो.

सदतिसावी मी नव्हते. तसं पत्र तीन आठवड्यांनी आलं, दोन ओळींचं. त्याच्याच सोबत तिची विनंती होती: आमच्या निरर्थक शब्दांची पूर्ण यादी एकदा बघाल का? आत असताना मला तिच्यातले निम्मेच दाखवले होते. एकूण दोनशे चाळीस शब्द. आयुष्यभर मी शब्द नीट आहेत ना हे बघत आले. शब्दांना काहीही अर्थ नाही ना, हे तपासायचं काम पहिल्यांदाच आलं होतं. तीन संध्याकाळी लागल्या. शब्दकोश काढला, सीडीची खूण जिथे होती तिथून सुरू केलं.

दोन निघाले. 'वादळ'मधला 'द' बदलून त्यांनी 'वाकळ' केलं होतं. त्यापुढे मी लाल शाईने लिहिलं: गोधडी. आणि 'निखळ'चं केलं होतं 'निढळ'. त्यापुढे लिहिलं: कपाळ. तुम्ही चिकटपट्टी लावली होती ते.